उलटं धरलेलं पुस्तक

सदाशिव पेठेतल्या एका पुस्तकांच्या दुकानात ती बाई फरशीवरच मांडी घालून बसली होती. शेजारी हेल्मेट, समोर इंग्रजी चित्रपुस्तकांची चळत. एकेक पुस्तक उघडून, पानं बाहेरच्या बाजूला करून छातीशी धरत ती वरून वाकून वाचत होती. म्हणजे चक्क उलटं.

मी निवृत्त शिक्षक. राहवलं नाही. म्हटलं, "अहो, पुस्तक उलटं धरलंय आपण."

"मुलांना सरळ दिसतं ना?" मान वर न करता ती म्हणाली.

विश्रांतवाडीच्या एका शाळेत ती दुसरीला शिकवत होती. वर्गात नांदेडची, बिहारची, नेपाळची मुलं. इंग्रजी सगळ्यांनाच नवं. म्हणून ती मजकुरावर तळहात ठेवायची. नुसत्या चित्रांवरून गोष्ट कळली आणि त्यात मुलांना आपल्यासारखं कोणी दिसलं, तरच पुस्तक घ्यायची. बर्फात खेळणारी गुबगुबीत मुलं तिने भराभर बाजूला सारली.

"अशाने इंग्रजी कसं सुधारणार?" मी विचारलं. "शिवाय हाताने पानं मळतात. आणि बसायला तिकडे खुर्ची आहे."

ती पहिल्यांदाच हसली. एक पान तिने माझ्यासमोर धरलं. चित्रात बाजार भरला होता आणि कोपऱ्यात चष्मेवाले एक आजोबा बोट उगारून केळीवाल्याला केळी कशी रचावीत ते शिकवत होते.

"मुलांना राहायचंय पुण्यात, आणि पुण्याचं माणूस काही कुठल्या पुस्तकात मिळेना," ती म्हणाली. "आज मिळालं."

वर केलेलं बोट मी गुपचूप खिशात घातलं.