सव्वाचारची खरखर

दाजींच्या व्हॅनचा रेडिओ सोमवारी सकाळी बिघडला, आणि बिघडायला त्याला नेमका हाच आठवडा सापडला.

दाजी म्हणजे खरं तर एकाच माणसाचे दाजी, लॉन्ड्रीच्या मालकाचे. त्याच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. पण मालकच दाजी म्हणतो म्हटल्यावर इस्त्रीवाल्यांपासून हॉस्पिटलच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांचेच ते दाजी झाले. मान जावयाचा, काम ड्रायव्हरचं. मेहुणा इतक्या गोडीत काम सांगायचा की नाही म्हणायला जागाच ठेवायचा नाही. अकरा वर्षांपूर्वी दाजींचं दुकान बुडालं, तेव्हा त्यानेच वरची खोली दिली, व्हॅन दिली. उपकार केले, त्यात खोटं काय? फक्त घराची किल्ली तेवढी दिली नाही. घरात कोणी ना कोणी असतंच, बेल वाजवायची, म्हणाला. तेव्हापासून हा पन्नाशीचा गृहस्थ रोज संध्याकाळी राहत्या घराची बेल वाजवतो, आतून मेहुण्याची बायको "कोण?" म्हणून विचारते, आणि हे "मीच" म्हणून चपला काढतात. रोज विचारते हो, अकरा वर्षं! दुसरा एखादा पेटून उठला असता. दाजींनी तोंडातून ब्र काढला नाही.

काढला तो कागदावर. दर गुरुवारी सव्वाचारला रेडिओवर श्रोत्यांनी पाठवलेली एक छोटी गोष्ट वाचून दाखवायचे. दाजींनी गाडीत बसून बेलवर गोष्ट लिहिली. सहा पानं लिहायला त्यांना चार महिने लागले. शेवटी त्यातला माणूस एके संध्याकाळी बेल वाजवतच नाही, पायरीवर बसून राहतो, एवढंच. खाली 'एक श्रोता' लिहून वॉचमनच्या पत्त्यावरून ती पाठवली, आणि चक्क निवड झाल्याचं, या गुरुवारी वाचणार असल्याचं पत्र आलं. बायकोला सांगितलं नाही. भाऊ तिचा, तिला कशाला कात्रीत धरायचं? आपण एकट्याने ऐकायची, असं त्यांनी ठरवलं. सव्वाचारला ते हॉस्पिटलच्या मागच्या आवारात मळक्या चादरींची गाठोडी यायची वाट बघत असायचे. अँब्युलन्स आली की गाडी हलवावी लागायची, त्यामुळे सीट सोडायची सोय नव्हती. फोन साधा, बटणांचा, त्यात रेडिओ नाही. म्हणजे उरला हा रेडिओ, आणि तो आता नुसता खरखरत होता.

दाजी काही हात बांधून बसणारे नव्हते. त्यांनी सगळी स्टेशनं फिरवून पाहिली. सगळीकडे तीच खरखर. चहाच्या टपरीवरचा रेडिओ मात्र खणखणीत वाजत होता. म्हणजे दोष गाडीतच. टपावरची एरियल फिरवून काढली, तळाचा गंज पॉलिश पेपरने घासला, घट्ट बसवली. तसूभर फरक नाही. मंगळवारी रेडिओमागची वायर दाबून पाहिली, फ्यूज काढून पुसून लावला. इंजिन बंद करून ऐकलं, तरी खरखर चालूच. बुधवारी मुकाट्याने गाड्यांच्या वायरिंगवाल्याकडे गेले. तो जाड चष्म्याचा म्हातारा. त्याने कशालाही हात लावला नाही, फक्त विचारलं, गाडीत नवीन काय बसवलंय?

दाजींची नजर आरशाखाली गेली. रविवारी मेहुण्याने तिथे कॅमेरा लावला होता, रस्त्याकडे नव्हे, ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघणारा. तुमच्याच सुरक्षेसाठी, दाजी, म्हणाला होता. आवाजही ऐकू येतो त्यात. ऑफिसात बसल्या बसल्या मेहुणा सगळं मोबाइलवर बघायचा.

म्हाताऱ्याने कॅमेऱ्याचा प्लग उपसला आणि रेडिओवरची बाई अगदी शेजारी बसल्यासारखी बोलू लागली. प्लग हलक्या प्रतीचा आहे, म्हातारा म्हणाला, तोच खरखर करतो; चांगला लावा, मिटलं. एवढ्यात दाजींचा फोन वाजला. मेहुणाच. कॅमेरा का बंद पडला? दाजींनी धीर करून प्लग बदलण्याचं सुचवलं, रेडिओचंही सांगितलं. मेहुण्याला कल्पना फारच आवडली. रेडिओच काढून टाकू की, म्हणाला, गाडी चालवताना लक्ष जातं. शनिवारी माणूस पाठवतो. दाजींनी कपाळाला हात लावला, तोसुद्धा प्लग परत बसवायच्या आधी.

गुरुवारी सव्वाचारला त्यांनी प्लग उपसला.

"आजची गोष्ट पाठवली आहे एका श्रोत्याने," बाई म्हणाली. दाजींनी आवाज वाढवला. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्यांना भरून आलं, लाजही वाटली. पहिलं पान संपत आलं आणि फोन वाजला. वाजून थांबला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा उचलावाच लागला.

"दाजी, फोन का उचलत नाही? गाडी कुठंय? माणूस पाठवू का?"

"वायर सैल झाली होती," दाजी म्हणाले. "लावतो."

त्यांनी प्लग बसवला. गोष्टीतला माणूस नुकताच दारापर्यंत पोहोचला होता, तिथून पुढे नुसती खरखर. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. पुढचं सगळं पाठ होतं, पण मोठ्याने म्हणायची सोय नव्हती, माइक होता. ते नुसते ओठ हलवत राहिले, तेवढ्यात मागून अँब्युलन्सने हॉर्न दिला आणि त्यांनी गाडी पुढे घेतली.

संध्याकाळी सहाच्या पुढे गाडी लावून ते घरी आले तर दारासमोरच्या पायरीवर बायको बसलेली. ती लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या करते, पाचला सुटते. म्हणजे तासभर तरी अशीच बसली असणार. किल्ली तिच्याकडेही नव्हती. भावाच्या घराची बेल तीही अकरा वर्षं वाजवत आली होती, आणि हे दाजींच्या सहा पानांत कुठेच आलं नव्हतं.

"घरात कोणी नाही का?" त्यांनी विचारलं.

"आहेत की सगळे," ती म्हणाली आणि त्यांच्यासाठी जरा सरकली. "घड्यांच्या टेबलावर रेडिओ असतो आमच्या. तुम्ही ऐकली का पूर्ण?"

दाजींनी मान हलवून नाही म्हटलं. ते तिच्या शेजारी बसले. मग तिने त्यांना त्यांचीच गोष्ट दारापासून पुढे सांगितली, हळू आवाजात, काही वाक्यं जशीच्या तशी.

बोलण्याची चाहूल लागून आतून मेहुण्याच्या बायकोने विचारलं, "कोण?"

दोघांपैकी कोणीच उत्तर दिलं नाही.