जीर्ण, बाद

आमच्या कॉलनीत दर रविवारी बंदी घातलेली पुस्तकं एकत्र बसून वाचतात आणि त्यांवर बोलतात. काल शेजारच्या बाईंनी रद्दीत सापडलेलं एक पुस्तक आणलं. पहिल्याच पानावर आमच्या वाचनालयाचा जांभळा शिक्का होता, ‘जीर्ण, बाद’, आणि खाली माझी सही. कागद पिवळा पडला, शाई मात्र तशीच.

मी ग्रंथपाल असताना चार माणसं ‘हे पुस्तक काढून टाका’ अशी दमदाटी करून गेली होती. मी न वाचताच त्या कोऱ्या करकरीत पुस्तकाला जीर्ण ठरवलं. पुस्तक जाळायला जमाव लागतो. बाद करायला एक भित्रा माणूस पुरतो.

"एक पानही सुटलेलं नाही. जीर्ण कुणी ठरवलं असेल हो?" बाई म्हणाल्या. "सर, तुम्हीच सुरुवात करा."

मी पहिलं पान मोठ्यानं वाचलं, सहीवर अंगठा घट्ट दाबून.