मैनेच्या मुलखातलं मोहाचं झाड

नागपूरच्या प्राणिबागेत मी अस्वलाचा राखणदार होतो. अस्वल एकच, तिचं नाव मैना. सव्वीस वर्षं सांभाळल्यावर ती गेली आणि साहेब म्हणाले, "ती जिथून आली तिथूनच दुसरं पिल्लू आण." घरी माझी वाट बघणारं कुणी नव्हतंच. सत्तावन्न सालच्या मार्चात, मोहाच्या हंगामात, वेताची झाकणाची टोपली घेऊन मी निघालो.

छोट्या रेल्वेने जाणार असाल तर खिडकीशी बसू नका, डोळ्यांत कोळसा जातो. नागभीडला चहा पिऊन घ्यावा. सिंदेवाही गेलं की रान दाट होत जातं. मूलला उतरून मोटार, मग डोंग्यातून वैनगंगा आणि गडचिरोलीहून पुढे बैलगाडी. डब्यात समोरच्या बाईने विचारलं, "काय हाय भाऊ टोपलीत?"

"काही नाही."

"मंग मांडीवर काऊन घेतली?" ती हसली. मीही हसलो, पण टोपली खाली ठेवली नाही.

गावात रखमाबाईंकडे उतरलो. मैना पिल्लू असताना तिला त्यांच्याच सासऱ्यांनी पकडलं होतं. तळ्यातल्या मासोळीचा झणझणीत रस्सा आणि भात, असं जेवण मला कित्येक दिवसांत मिळालं नव्हतं. मीही जरा फुशारलो. म्हटलं, "रानात अस्वल एवढं जगत नाही. माझ्याकडे सव्वीस वर्षं जगली!"

"पिल्लं किती झाले तिले?"

"एकही नाही."

"मंग सोबतीले कोन होतं?"

"मी होतो."

रखमाबाईंनी न विचारता माझ्या पानात आणखी भात वाढला. पिल्लाचं उद्या बोलू, असं मी ठरवलं.

सकाळी घरचे सगळे मोहफुलं वेचायला गेले. ऐतखाऊसारखं कसं बसणार? कडेच्या एका झाडाखाली फुलांचा सडा तसाच पडला होता. झाडलोटीत माझा हात बसलेला. जागा लख्ख केली आणि टोपली काठोकाठ भरली. रखमाबाई धावतच आल्या.

"अगा भाऊ, हे झाड सोडाचं असते! मैनेले नेलं तवा तिची माय आठ दिवस इथीच येऊन वरडली. मी नवी नवरी होतो. तवापासून आमी या झाडाचं फूल घेत नाई. हे अस्वलायचं हाय."

मी टोपली उपडी केली आणि फुलं होती तशी पसरली.

"टोपली कायले आनली होती तुमी?"

"फुलांसाठीच," मी म्हणालो. मला फार शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्यांनी बांधाआडून ते झाड दाखवलं. एक अस्वल आलं होतं. कान फाटलेला, बरगड्या दिसत होत्या. ही मैनेएवढी जगणार नाही, हे मला बघताच कळलं. तिच्या पाठीवर दोन पिल्लं होती आणि जागेवरून त्यांची ढकलाढकली चालली होती.

साहेबांना सांगितलं, पिल्लू मिळालं नाही. लोक अजून विचारतात, किती जगली हो तुमची मैना? पूर्वी मी आकडा छाती फुगवून सांगायचो. चार वेळचं खाणं, औषधपाणी, काही कमी पडू दिलं नाही, हे खरंच आहे. पण मला दुसरं कुणी नव्हतं, हे माझं नशीब. तिला कुणी नव्हतं, ते नशीब नव्हे; तिच्या पिंजऱ्याला मी रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने कुलूप लावत होतो.