जंगलाकडचा गोल

आमच्या क्लबवर झालेला सगळ्यात पहिला गोल मी अडवू शकलो नाही, कारण मी गोलात नव्हतोच. आमचा स्टॉपर, म्हणजे गोलासमोर उभा राहून अडवणारा, तोही जागेवर नव्हता. आम्ही दोघं गोलामागं बॉल आणायला गेलो होतो.

चंद्रपूर-गडचिरोलीकडचा हा पहिला पगारी फुटबॉल क्लब. त्याचा इतिहास सांगायला कोणीही बसला की हा किस्सा येतोच. "कॉर्नर झाला अना कीपर साहेब बॉल शोधाले गेले," असं म्हणून लोक पोट धरून हसतात. मीही हसतो. पण क्लबचा इतिहास त्या मॅचपासून सुरू होत नाही. त्याच्या आधी जे झालं त्यात हसण्यासारखं काही नाही. मी तिथं होतो, म्हणून सांगतो.

धानोऱ्याच्या पुढं जंगलाला लागून आमचं गाव. एका टोकाला आमची बौद्धांची घरं, दुसऱ्या टोकाला गोंडांची वस्ती, टोला. मधे आखर, म्हणजे सकाळी गुरं गोळा व्हायची मोकळी जागा. तेच आमचं मैदान. दोन बाजूंना बांबूचे दोन गोल. गावाकडच्या गोलामागं धानाच्या बांध्या होत्या. तिकडं बॉल गेला की मालक शिव्या देत यायचा, म्हणून आम्ही सगळी प्रॅक्टिस जंगलाकडच्या गोलावर करायचो. त्या गोलामागं रायमुनियाची छातीएवढी काटेरी झुडपं, त्यामागं साग, अन् पुढं जंगलच जंगल.

त्या गोलात मी उभा राहायचो. तेव्हा नियम एकच होता. ज्यानं मारला त्यानं आणायचा, अन् कीपरच्या हाताला लागून गेला तर कीपरनं. मी रायमुनियात घुसायचो, हातापायाला ओरखडे घेऊन बॉल आणायचो. त्याचं काही वाटत नव्हतं.

मी गडचिरोलीला कॉलेजात असताना आमच्या स्टॉपरची आई गेली. स्टॉपर टोल्यावरचा, माझ्याच वयाचा, पहिलीपासून माझ्या बाकावर बसलेला. त्याची आई बाकीच्या बायांसोबत झाडूचे फडे बांधायला शिंदीची पाती आणायला गेली होती. बाया परत आल्या, ती आली नाही. गाव शोधायला निघालं, मीही निघालो. विळा होता, पात्यांचा भारा बांधून ठेवलेला होता. पुढं काय दिसलं ते मी लिहीत नाही. एवढंच सांगतो की ती जागा आमच्या गोलापासून हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर होती.

तो पावसाळाभर कोणी खेळलं नाही. मग एक दिवस स्टॉपरच बॉल घेऊन आला. आम्ही सगळे खाली पाहत होतो.

"काऊन बे, मेलो का मी?" तो म्हणाला. "खेळा."

त्यानंच नवा नियम केला. बॉल गेला की सगळ्यांनी जायचं. टाळ्या वाजवत, होऽ होऽ करत जायचं, अन् परत येताना जंगलाकडं पाठ करायची नाही. दिवस सागाच्या शेंड्याला टेकला की खेळ बंद. ज्यानं तिला नेलं त्याचं नाव कोणी घ्यायचं नाही, हा नियम तर गावात आधीपासूनच होता. 'तो' म्हणायचं. टोल्यावरच्या लोकांनी गोलाच्या कोपऱ्याशी एक दगड मांडला अन् त्याला शेंदूर लावला. आम्ही बौद्ध माणसं, दगडाला हात जोडत नाही. पण बॉल लागून तो दगड कलला की मीच तो सरळ करायचो, हेही खरं.

कीपरची भीती बाकीच्यांना कळत नाही. बाकी सगळ्यांचं तोंड जंगलाकडं असतं, त्याची पाठ असते. मागं काय हललं ते त्याला दिसत नाही. मागं वळून पाहावं तर पुढून बॉल येतो. मग मी एक गोष्ट शिकलो. मी बॉल पाहायचो अन् पोरांची तोंडं पाहायचो. जंगल पश्चिमेला, म्हणून कलता दिवस माझ्या मागून त्यांच्या तोंडावर पडायचा. एखाद्याचे डोळे बॉल सोडून माझ्या खांद्यावरून मागं गेले की मीही बॉल सोडून वळायचो. बहुतेक वेळा मोर निघायचा, नाहीतर कोणाचा चुकलेला गोऱ्हा.

मी बी.ए. झालो. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला माणूस मी, अन् कोणाच्या पाया पडून पास झालो नाही. पण नोकरी लागली नाही. धान निघालं की आमच्याकडून गाड्या भरून लोक तेलंगणात मिरची तोडायला जातात. त्या वर्षी बाबांनी माझंही नाव मुकादमाला सांगून टाकलं.

"मी बी.ए. झालो ना," मी म्हणालो.

"मंग? मिरची इचारते का तुले, किती शिकला म्हणून?"

विहारात माझा सत्कार झाला तेव्हा मिळालेली शाल आई घडी घालून ठेवत होती. त्या घडीकडं पाहून मला फार लाज वाटली.

त्याच आठवड्यात निरोप आला की चंद्रपूरला पगारी क्लब निघतोय. बाहेरून मोठे खेळाडू आणायची त्यांची ऐपत नाही, म्हणून त्यांचा कोच गावोगाव पोरं पाहत फिरतोय अन् आमच्या आखरावरही येणार आहे. मुकादमाची गाडी दोन दिवसांनी सुटणार होती. म्हणजे क्लबात घेतलं तर चंद्रपूर, नाहीतर मिरची.

कोच दुपारी येणार होता. गाडी रस्त्यात बिघडली अन् तो आला तेव्हा गुरं परतत होती. कोल्हापूरकडचा माणूस. उंच, बोलायला मोकळा. सगळं गाव आखराच्या कडेला बसलं होतं. त्यानं आम्हाला पळवलं, खेळवलं. मग दिवस शेंड्याला टेकला अन् आमची पोरं सवयीनं थांबली.

"का थांबलाय रं?" कोच म्हणाला.

"झालं साहेब," स्टॉपर म्हणाला. "याच्या मंग आमी नाई खेळत."

"आत्ता कुठं अंग तापलंय गड्या. कीपर बघायचाय मला अजून. चला, एकेकानं पेनल्टी मारा."

कोणी हललं नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझं काय अडलंय ते त्यांना माहीत होतं. स्टॉपरनंच बॉल घेतला अन् ठिपक्यावर ठेवला.

मी पहिली अडवली. दुसरीही अडवली. मला वाटलं, बास, मिळालं चंद्रपूर. तिसरा बॉल वर आला, मी मूठ मारली. बॉल बांबूवरून मागं गेला, अन् रायमुनियात पडल्याचा आवाज आला.

त्यानंतर दुसरा आवाज आला तो माकडाचा. खॅक, खॅक. सागावरून एकच माकड खाकरत होतं. आमच्याकडं लहान पोरालाही त्याचा अर्थ कळतो.

"आण," कोच म्हणाला.

"राहू द्या साहेब," स्टॉपर म्हणाला. "सकायी आणून देतो."

"नवा बॉल आहे तो. कीपरनं घालवला, कीपरनं आणायचा, आमच्यात असंच असतंय." तो हसला. "काय वाघ बसलाय व्हय तिथं?"

एक म्हातारी हळूच म्हणाली, "नाव नोको घेऊ, बाप्पा."

मी पोरांची तोंडं पाहिली. दिवसाचा शेवटचा लाल उजेड त्यांच्यावर होता. सगळे माझ्या मागं पाहत होते, पण एका जागी नाही. प्रत्येकाचे डोळे वेगवेगळीकडं शोधत होते. म्हणजे कोणालाच दिसला नव्हता. दिसला असता तर मी गेलोच नसतो. दिसला नव्हता, म्हणून मला जाता येत होतं.

मी वळलो अन् निघालो.

गोलाची लाइन ओलांडली. शेंदराचा दगड उजव्या हाताला राहिला. झुडपांशी आलो तेव्हा माकड गप झालं. ते खाकरत होतं तोवर तो कुठंतरी चालतोय एवढं तरी कळत होतं. आता काहीच कळेना. एक उग्र वास आला, ओल्या पोत्यासारखा. तरी मी एक फांदी बाजूला केली. मनात आईची ती शाल होती, दुसरं काही नव्हतं.

मागून टाळी वाजली.

"थांब बे," स्टॉपर ओरडला. "मी येतो ना."

टाळ्या वाजवत, होऽ होऽ करत तो धावत आला. त्याच्या मागं बाकीची पोरं. मग काठ्या घेऊन माणसं उठली, बाया घमेली बडवत निघाल्या, बाबाही आले. आखर रिकामं झालं. मधोमध कोच एकटा उरला. चारी बाजूंनी मोकळं अन् जवळ कोणी नाही, हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला असेल. मग तोही धावत आला, आमच्या मधे घुसला अन् त्यानं मागून माझी जर्सी धरली.

बॉल सापडला. त्याच्या पलीकडं हात-दीड हातावर गवत दबलेलं होतं, चांगलं लांबरुंद. अन् आमच्या डोळ्यांसमोर ते गवत हळूहळू, एकेक काडी करून, उभं राहत होतं.

टाळ्या थांबल्या नाहीत. मी बॉल पोटाशी धरला अन् आम्ही सगळे जंगलाकडं तोंड करून मागं मागं सरकत आलो. कोचनं गाडीत बसेपर्यंत माझी जर्सी सोडली नाही. काच वर केली, मग थोडी खाली घेतली.

"तू," तो म्हणाला. "आणि तो टाळ्या वाजवणारा. दोघं सोमवारी चंद्रपूरला या."

मिरचीची गाडी माझ्याशिवाय गेली.

आता तो पहिला गोल. चंद्रपूरचं मैदान, क्लबची पहिली मॅच. माझ्या गोलामागं न कापलेलं गवत होतं अन् त्यामागं भिंत. त्यांच्या माणसानं लांबून मारला, मी मूठ मारली, बॉल वरून मागं गेला अन् गवतात दिसेनासा झाला. सगळे कॉर्नरसाठी जागा धरू लागले. माझ्याकडं कोणी आलं नाही. डोकं सांगत होतं की हे चंद्रपूर आहे, पण पाय वळलेच. अन् मागून टाळ्या ऐकू आल्या. आमचा स्टॉपर सगळं सोडून होऽ होऽ करत येत होता.

दुसरा बॉल कोपऱ्यात लागलेला होता. त्यांनी कॉर्नर घेतला अन् रिकाम्या गोलात हळूच ढकलला.

हाफ टाइमला क्लबचा मॅनेजर आमच्यासमोर उभा राहिला. "ह्या दोघांले उद्याच्या बसनं गावी पाठवा. जंगलातले आणले तं असंच होणार."

स्टॉपर बुटाची लेस सोडत होता. मी मनात मिरचीचा वास घेत होतो.

"नाही पाठवायचं," कोच म्हणाला.

"काऊन?"

"मी त्यांच्या गावाला गेलोय. तिथला बॉल आणायला मीही गेलो होतो." मॅनेजरला कळलं नाही, पण कोचचं तोंड पाहून त्यानं विषय सोडला. मॅच हरलो. आम्ही राहिलो.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिस झाल्यावर कोच आम्हाला गोलामागं घेऊन गेला. दिवस कलला होता.

"हात लावा," तो म्हणाला. आम्ही भिंतीला हात लावला. दिवसभराच्या उन्हानं ती गरम होती. "भिंत आहे. इथं मागनं काही येत नाही. इथं फक्त बॉल बघायचा."

"हो साहेब," मी म्हणालो.

स्टॉपर पाण्याच्या पाइपावर पाय देऊन वर चढला अन् पलीकडं पाहू लागला. बराच वेळ पाहत राहिला.

"साहेब, पल्याड कायचं जंगल हाये?"

पलीकडं बंद पडलेल्या खाणीच्या मातीचा ढिगारा होता. त्यावर बाभळी माजल्या होत्या, अंधार पडल्यासारख्या दाट. तिथंही 'तो' दिसतो, हे मैदानाचा माळी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगून गेला होता. कोचलाही सांगितलं असणार, कारण तो उत्तर द्यायच्या आधी ढिगाऱ्याकडं नाही, दिवसाकडं पाहायला लागला.

"बॉल गोळा करा," तो म्हणाला. "सगळे मिळून."

आम्ही टाळ्या वाजवत निघालो. मधे चालत असलेला कोचही वाजवत होता.

क्लबात तो नियम आजही आहे. बाहेरून आलेली नवी पोरं पहिले काही दिवस हसतात. मी आता त्यांच्या कीपरांना शिकवतो. बॉलवर नजर ठेवा, असं सांगतो. स्वतः मात्र मी त्यांच्यासमोर उभा राहिलो की अजूनही त्यांची तोंडं पाहत असतो.