परक्या देवीला बोललेला नवस

ऐंशीच्या दशकात मी मालवाहू जहाजावर खलाशी होतो. दुरुस्तीसाठी जहाज ग्रीसच्या एका बेटाला लागलं होतं, तिथेच घरचं पत्र हाती आलं. बाबांना कावीळ झालीय, अन्न जात नाही, असं धाकट्या बहिणीने लिहिलं होतं. पत्र लिहून तीन आठवडे होऊन गेलेले. बाबा आहेत की नाहीत, हेच मला कळायला मार्ग नव्हता. जहाजावर बसवेना, म्हणून डोंगराची वाट धरली.

वर पंधरावीस घरांचं गाव होतं. ऑलिव्हची झाडं, शेळ्या, दगडी बांध आणि जाड भिंतींचं फार जुनं चर्च. सवयीने मी बूट दाराशी काढले. आत एक काळ्या कपड्यांतली म्हातारी दिवे पुसत होती. फरशी गार आहे अशी खूण करून तिने मला बूट परत घालायला लावले. मेरीच्या तसबिरीखाली चांदीच्या पातळ पत्र्याचे आकार टांगले होते. कुणाचा पाय, कुणाचे डोळे, एक होडी. आम्ही बेलापूरजवळच्या दिवाळे गावचे कोळी, नवस काय असतो हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

उचलली जीभ, लावली टाळ्याला. हात जोडून म्हणालो, "बाबांना वाचव. त्यांना इथे घेऊन येईन, त्यांच्या हातून चांदीची होडी वाहवीन."

घरी आलो तेव्हा बाबा ओट्यावर जाळं सांधत बसले होते. मी मोठ्या फुशारकीने नवसाचं सांगितलं. सुकत घातलेली मासळी उलटणारा आईचा हात थांबला.

"गावदेवी दारात हाय, आन तू सातासमुद्रापार बोललास? आता यांना नेनार कसा?"

बाबा हसले. पण पनवेलच्या सोनाराकडे स्वतः जाऊन त्यांनी बोटभर होडी घडवून आणली, तीही आपल्या होडीसारखीच हवी म्हणून दोनदा परत करून. ती देवघरात राहिली. मी जहाजावर निघालो की, निदान होडी तरी पोचावी म्हणून, ते विचारायचे, "या खेपेला तिकडं जातंय का?" जहाज कधीच तिकडे गेलं नाही. पुढे पुढे मला त्या प्रश्नाची चीड येऊ लागली. चूक माझी होती, म्हणूनच जास्त. होडी गावदेवीलाच वाहू म्हटलं, तर आई म्हणाली, "जिचं तिला."

काही वर्षांनी बाबांनी पुन्हा अंथरूण धरलं. बेलापूरच्या डॉक्टरांनी आशा नाही म्हणून सांगितलं. मी आईला म्हटलं, "गावदेवीला बोल काहीतरी."

ती उंबऱ्यावर बसून राहिली. "पयला फेडला नाय. आता कंच्या तोंडानं मागू?"

ती देवळात गेली नाही, मलाही जाऊ दिलं नाही. बाबा पडल्या पडल्या देवघराकडे बघत असत. नवव्या दिवशी ते गेले. या खेपेला त्यांच्यासाठी आम्ही कुणाकडेच काही मागितलं नव्हतं.