सर्व्हिस बुकातली चार वर्षं

मी अग्निशमनाच्या एका कार्यालयात पेन्शनच्या फाइली बघते. दोनेक वर्षांपूर्वी एका दुपारी मी टेबलाशी बसून आईशी फोनवर मराठीत बोलत होते. फोन ठेवला तर समोर एक निवृत्त फायरमन उभे. ते मराठीतच म्हणाले, "अक्का, स्वल्प माझं सर्व्हिस बुक बघता का?" आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेले असणार, हे 'थोडं'च्या जागी आलेल्या त्या कानडी 'स्वल्प'वरून कळलं.

ते येलहंक्याहून आले होते. तक्रार एकच होती. त्यांच्या नोकरीतली चार वर्षं कार्यालयीन कामाची म्हणून लागली होती. आगीवर जाणाऱ्याची सेवा आमच्याकडे वेगळी धरतात, पेन्शन ठरताना तिला वजन असतं. पण ते पेन्शनबद्दल फारसं बोलले नाहीत. "चार वर्षं मी खुर्चीत बसलो होतो असं लिहिलंय," एवढंच म्हणाले.

मी सर्व्हिस बुक काढलं. नोंद माझ्या अक्षरात होती.

तेव्हा मी नोकरीत नवी होते. तीन कारकुनांबरोबर यांचीही कार्यालयात बदली झाल्याचा आदेश आला होता आणि मी चौघांच्या नोंदी एका बैठकीत उरकल्या होत्या. यांची बदली आठवड्यातच रद्द झाली. तो दुसरा कागद फाइलमध्ये खाली होता. मी तो कधी पाहिलाच नव्हता, म्हणून निवृत्तीपर्यंतची चार वर्षं कार्यालयातली ठरली.

"ही नोंद मी केली आहे," मी त्यांना सांगितलं.

ते म्हणाले, "सरी, ठीक आहे. आता काय करायचं ते सांगा."

बदली रद्द झाल्याचा आदेश एकटा पुरेसा नव्हता. त्या काळात ते खरोखर आगीवर जात होते, याचा पुरावा हवा होता. त्यांच्या जुन्या केंद्रात रोजची वही असते, कुठे आग लागली आणि गाडीवर कोण गेलं याची. मी दोन शनिवार तिथे जाऊन बसले. प्रत्येक महिन्यात त्यांचं नाव सापडत गेलं. लाकडाची वखार, गॅसची गळती, विहिरीत पडलेली म्हैस. शेवटच्या आठ महिन्यांची वही मात्र कुठेच नव्हती. केंद्राची रंगरंगोटी झाली तेव्हा गेली असेल, असं तिथला एक फायरमन म्हणाला.

टिपणीत मी चूक माझी असल्याचं लिहिलं. साहेबांनी ते वाक्य खोडून 'नजरचुकीने' असा शब्द घातला. मी पुन्हा लिहिलं नाही. त्याचं मला अजूनही थोडं वाईट वाटतं.

मंजुरीला पाच महिने लागले. तीन वर्षं चार महिने दुरुस्त झाले, आठ महिने तसेच राहिले. त्यांना बोलावून मी दुरुस्त पान दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

"आणि या आठ महिन्यांत मी कुठे होतो म्हणायचं?"

"केंद्रातच होतात. कागद नाही, म्हणून मान्य झालं नाही."

"तुम्हाला मान्य आहे?"

"आहे," मी म्हटलं.

त्यांनी सही केली, पानाची झेरॉक्स मागून घेतली, आणि घडी न करता ती पिशवीत सरळ ठेवून ते बसस्टॉपकडे गेले.