सासूबाईंना आणायला सोलापूरला, खात खात

"तूच जा. आई माझं ऐकत नाही, जावयाला तोंडावर नाही म्हणायची नाही," असं म्हणून रूपालीनं गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि मी सोलापूरला निघालो. नेहमी मी फिरायला जातो आणि मग इथे लिहितो. या वेळी कामाला गेलो होतो, खाणं वाटेत झालं. सोलापूरला जाऊन न खाता परत येणं म्हणजे आळंदीला जाऊन देवळाबाहेरूनच परत फिरणं, तेव्हा माफी असावी.

काम काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्या सासूबाई सोलापुरात बाळीवेशीच्या मागच्या गल्लीत एकट्या राहतात. दोन्ही गुडघे गेलेत. उजव्याचं ऑपरेशन करायला हवं असं तिथल्याच डॉक्टरांनी सांगितलंय. सोलापुरात दवाखाने चांगले आहेत, प्रश्न तो नाही. प्रश्न नंतरच्या दीड महिन्याचा. तेव्हा उठवायला-बसवायला माणूस हवं, आणि ते माणूस पुण्यात नोकरी करतं. म्हणून त्यांनी आमच्याकडे यावं, असं आमचं म्हणणं.

आता अडचण. सासूबाई लेकीच्या घरी जेवत नाहीत. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, ही त्यांच्या माहेरची, मंद्रूपची रीत. आम्हाला मूल नाही, आणि आता होईल असंही वाटत नाही. म्हणजे आमच्या बाबतीत ही रीत संपायचीच नाही. मागे डोळ्याच्या ऑपरेशनला त्या चार दिवस आल्या, तेव्हा येताना कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणी घेऊन आल्या होत्या. चार दिवस तेच खाल्लं. वर पाण्याची बाटलीसुद्धा स्वतःची. कडक भाकरी महिनाभर टिकते हो, पण समोर गरम जेवण मांडून बसलेली लेक तेवढी टिकत नाही. रूपाली रात्री बाथरूमचा नळ सोडून रडली. मला त्या वेळी सासूबाईंचा संतापच आला होता, खोटं कशाला बोला.

पुणे-सोलापूर रस्ता सरळ आणि चांगला आहे, साडेचार-पाच तास धरा. सकाळी लवकर निघालात तर भिगवणला मासे खायची वेळ जुळत नाही, ही एकच खंत. मी मूळचा चिपळूणचा, त्यामुळे उजनीच्या गोड्या पाण्यातल्या माशाला नावं ठेवायची आणि तरीही खायचा, हा माझा शिरस्ता आहे. या वेळी टेंभुर्णीला चहा घेतला आणि मोहोळ मागे टाकून जेवणवेळेला सोलापुरात शिरलो.

सासूबाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. "आलासा? लई उशीर केलासा. भाकरी गार व्हाया लागली की!"

ताटात ज्वारीची पातळ भाकरी, भरलं वांगं, दही आणि शेंगाचटणीचा छोटा डोंगर. शेंगाचटणी म्हणजे शेंगदाणे, लसूण आणि लाल तिखट उखळात कुटून कुटून तेल सुटेपर्यंत केलेली चटणी. मिक्सरची चटणी सासूबाई 'भुकटी' म्हणून बाजूला सारतात. मी भातखाऊ माणूस, दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आणि तिसऱ्याला आणखी चटणी. त्या समोर बसून वाढत होत्या. जावई जेवल्याशिवाय त्या घास घेत नाहीत, हेही एक आहेच.

पाणी पिऊन मी विषय काढला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "येते की. भाकरी सांगून ठिवलीया महानंदाकडं. दीड म्हैन्याची."

"आई, ऑपरेशननंतर कडक भाकरी कशी चालेल? औषधं असतात, पोटाला मऊ लागतं."

"दुधात भिजवीन. दूध बी मीच आणीन, तुमी पैसं द्यायाचं न्हाय." एवढं बोलून त्या पदर खोचत उठल्या. "चला, तुमाला बाजार दाखवते. घरात बसून काय करतासा?"

तर मंडळी, सोलापूरचा बाजार फिरायचा तर गुडघे दुखणाऱ्या माणसाबरोबर फिरा. सासूबाईंना दर पन्नास पावलांवर बसावं लागतं, आणि कुठल्या दुकानात स्टूल मिळतं, कुठे मालक स्वतः उठून जागा देतो, हे त्यांना पाठ आहे. त्यामुळे आमची खादाडी त्या स्टुलांच्या हिशेबानं झाली. मधल्या मारुतीजवळ मसाल्याच्या दुकानात बसलो, तर मालकानं आपण होऊन चटणीची चव दिली. चाटी गल्लीत कापडाच्या पेढीवर गादीवर बसलो, तर चहा आला. जिथे म्हातारीला बसायला देतात तिथला माल चांगला असतो, हा नियम मी यापुढे सगळीकडे लावणार आहे.

चाटी गल्लीत चादरी बघितल्या. खरी सोलापुरी चादर हातात घेतली की जड लागते आणि दोन्ही बाजूंनी नक्षी दिसते. साधारण सहाशेपासून पुढे. टॉवेल घ्यायचे तर इथेच घ्या, पुण्यात घेतलेला टॉवेल अंग पुसतो आणि सोलापूरचा टॉवेल पाणी पितो. मी खिशात हात घातला तसा सासूबाईंनी माझा दंड धरला.

"हात काडा आदी."

"आई, माझ्यासाठीच घेतोय."

"जावई माझ्या गावात पैसं देतोय, आन् मी बघत बसू व्हय? शेट, त्यांचं पैसं घेटलं तर पुन्ना पायरी चडायची न्हाय मी."

शेटनी माझी नोट बघितलीसुद्धा नाही. दोन चादरी आणि चार टॉवेल आहेर म्हणून माझ्या काखेत आले. त्यांच्या पेन्शनीतून. मला लाज वाटली, आणि रागही आला. आमच्या घरचं पाणी चालत नाही, तुमच्या घरचं मात्र मी पोतंभर न्यायचं. ही कसली रीत? पण गल्लीत उभं राहून सासूशी कोण वाद घालणार.

संध्याकाळी रिक्षानं पार्क चौक. रिक्षावाल्याला बसायच्या आधी विचारा, अंतर फार नाही पण उत्साह फार असतो. संध्याकाळी तिथे गाड्या लागतात, आणि भेळ, भजी, आइस्क्रीम सगळं एकाच वाऱ्यावर येतं. आम्ही गेलो ते पाव-चटणीच्या गाडीवर. सोलापूरचा हा प्रकार बाहेर फारसा कुणाला माहीत नाही. तव्यावर तेलात शेकलेला पाव आणि आत लालभडक चटणी, बस. ज्याला जळजळीची सवय नाही त्यानं शेजारी लस्सीवाला कुठे आहे ते आधी बघून ठेवावं.

गाडीवाले रशीदभाई सासूबाईंना बघून हसले. "आओ खाला! दामाद आये क्या?" लगेच गाडीखालून प्लास्टिकचं स्टूल निघालं. दोन प्लेटी आल्या. खाला बसल्या, मी उभा. दोन्ही प्लेटी गाडीच्या कडेला एकमेकींना चिकटून. मी पहिला घास घेतल्यावरच त्यांनी आपला पाव मोडला. गर्दी वाढली, कुणाचा तरी धक्का लागला, मी लस्सी आणायला वळलो आणि परत येऊन प्लेट उचलली. अर्धा पाव तोंडात टाकला तोच सासूबाई ओरडल्या.

"अवं! अवं पावणं! ते माजं हाय! उष्टं हाय ते माजं!"

आजूबाजूची चार माणसं वळली. मी घास थांबवायला गेलो, पण तो आत गेला होता. सासूबाईंचा चेहरा बघवत नव्हता. जावई म्हणजे त्यांच्या लेखी देवाच्या बरोबरीचा. त्याचे पाय धुवायचे, त्याच्या आधी घास घ्यायचा नाही, आणि इथे भर पार्क चौकात त्यानं सासूचं उष्टं खाल्लं. "काय झालं हे माज्या हातनं," त्या पुटपुटत होत्या. मला क्षणभर वाटलं की आता या उठून घरी जाणार आणि पुण्याचं नाव काढायची सोय उरणार नाही.

तिखटानं माझी जीभ पेटली होती. जे आलं ते बोललो. "आईचं उष्टंच खाऊन मोठा झालो मी. तिच्या ताटातला शेवटचा भात मलाच मिळायचा. ती गेल्यापासून कुणी दिला नाही. आज मिळाला, तर ओरडता कशाला?"

हे मी ठरवून बोललो नव्हतो. खरं सांगायचं तर माझाच आवाज फुटला, आणि ते तिखटामुळे आहे असं दाखवायला मी लस्सीचा ग्लास तोंडाला लावला.

रशीदभाई तव्यावर पाव उलटत म्हणाले, "सुनो खाला. दामाद नै, बेटा बोलो. झगडाच खतम." त्यांनी माझे पैसेही नाकारले, "नक्को जी" म्हणून. या गावात माझा खिसा म्हणजे शोभेची वस्तू.

परतताना रिक्षात सासूबाई बाहेरच बघत होत्या. घरी आल्यावर माझं अंथरूण घातलं, तांब्या उशाशी ठेवला आणि आत गेल्या. मी रूपालीला फोनवर सांगितलं, "बहुतेक बिघडवलं मी." ती म्हणाली, "तू काही बिघडवू शकत नाहीस, तिथे आधीच काही शिल्लक नाही." हा दिलासा होता की टोमणा, मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला पूर्व भागात. सोलापुरात इडली खायची ती इथे. मागावर काम करणाऱ्या तेलुगू घरांची ही वस्ती, आणि सकाळी बऱ्याच ओट्यांवर इडलीचं भांडं वाफ सोडत असतं. अक्का म्हणून सगळे जिला हाक मारतात तिच्या ओट्यावर आम्ही बसलो. तीस रुपयांत चार इडल्या आणि मागाल तेवढी चटणी. अक्का दोन बोटं दाखवून "इंका रेंडु?" म्हणते, तुम्ही नको म्हणता, आणि आणखी दोन पडतात. नको कसं म्हणायचं ते मला त्या भाषेत येत नव्हतं, शिकलोही नाही.

सासूबाई इडली कुस्करत होत्या, खात नव्हत्या. मध्येच विचारलं, "तुमची आई किती वर्सं झाली जाऊन?"

"अठरा. आमच्या लग्नाआधीच गेली."

"मी बगितली न्हाय तिला." आणि पुन्हा इडली कुस्करायला लागल्या.

तिथून महानंदाबाईंकडे. ज्यांना कडक भाकरी घरी न्यायची आहे त्यांनी पाकीटबंद दुकानातली घेण्यापेक्षा अशा घरगुती ठिकाणाहून घ्यावी. महानंदाबाई मूळच्या अक्कलकोटकडच्या, दोन सुनांसह घरातच भाकऱ्या थापतात. भाकरी कागदासारखी पातळ थापून, भाजून, मग निव्यावर, म्हणजे चुलीच्या मंद धगीवर, कडक होईपर्यंत शेकतात. हातात घेतली की पापडासारखी मोडते. आमटीत चुरून किंवा दह्याबरोबर खायची, माझ्यासारखी नुसती चावायला गेलात तर दंतवैद्याचं भलं होतं. दहा-बारा रुपयांना एक.

ओसरीवर सासूबाईंच्या नावाची चवड तयार होती. वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीनं बांधून, माझ्या कमरेएवढी. हरलो, मनात म्हटलं. दीड महिना हीच चवड आमच्या स्वयंपाकघरात उभी राहणार आणि रूपाली तिच्याकडे बघत स्वयंपाक करणार.

सासूबाई पायरीवर बसल्या. चवडीवरची सुतळी चाचपली.

"महानंदा, ही दुसऱ्या कुणाला दी गं. माजं पैसं र्‍हाऊ दे तुज्याकडं, पुन्ना कवातरी नेईन."

"का ओ? मग तिकडं खाणार काय तुमी दीड म्हैना?"

"लेकाच्या घरी चाललीया मी. भाकरी बांदून कशाला नेऊ?"

महानंदाबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना ठाऊक होतं की सासूबाईंना एकच मुलगी आहे, मुलगा नाही. "लेक कवा झाला?"

"काल," सासूबाई म्हणाल्या. "पार्क चौकात."

मी सुतळीच्या गाठीकडे बघत उभा राहिलो, कारण दुसरीकडे बघायची सोय नव्हती. मग मी माझ्यासाठी म्हणून पाच भाकऱ्या मागितल्या. पैसे महानंदाबाईंनी माझ्याकडून घेतले, आणि सासूबाईंनी या वेळी माझा दंड धरला नाही.

दुपारी निघालो. त्यांनी सोबत एक बॅग, औषधं आणि चटणीची बरणी घेतली. पाण्याची बाटली घेतली नाही. टेंभुर्णीला मी चहा आणला तर त्यांनी कप हातात धरला, गरम आहे म्हणाल्या, बशीत ओतला आणि प्यायल्या. मी रूपालीला काही कळवलं नव्हतं. वाटेत विचार बदलला तर? माणूस जन्मभर मानलेली गोष्ट एका दिवसात कशी सोडेल, याची मलाच खात्री नव्हती.

घरी पोचलो तेव्हा रूपालीनं स्वयंपाक करून ठेवला होता. नेहमीसारखा, आई जेवणार नाही हे माहीत असून केलेला. तीन ताटं मांडली. तिसरं ती दर वेळी मांडते आणि दर वेळी तसंच उचलते. सासूबाईंनी हात धुतले, मोरीतून हळूहळू चालत आल्या आणि तिसऱ्या ताटासमोरच्या खुर्चीत बसल्या. रूपाली पोळीचा डबा हातात धरून तशीच उभी.

सासूबाईंनी आमटीत पोळी बुडवली, घास घेतला, सावकाश चावला. आम्ही दोघं बघत होतो.

"आमटी आळणी झालीया की गं," त्या म्हणाल्या. "मीठ टाकायचं इसरलीस व्हय? आन् फोडणीला लसूण न्हाय. कुणी शिकीवलं तुला?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण रूपालीच्या स्वयंपाकाला तिच्या आईनं कधी नाव ठेवलं नव्हतं. ठेवणार कुठून, चाखलाच नव्हता. रूपाली मिठाचा डबा आणायला स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेरच आली नाही, आणि या वेळी तिनं रडणं लपवायला नळ सोडला नव्हता.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. सासूबाई आता काठी घेऊन खोलीतल्या खोलीत चालतात, आणि आमच्याकडच्या प्रत्येक भाजीत काहीतरी कमी असतं. काल भातावरून माझ्याशी भांडण झालं, कारण कोकणातला माणूस भात मऊ करतो आणि सोलापूरच्या बाईला तो मोकळा लागतो. आमच्या घरी सध्या रोज दोन प्रकारचा भात होतो.